टॅब बसेल, पण जोर कुठे जाईल?

जुन्या स्टीलच्या फ्रेमला डिस्क ब्रेकचे माउंट झाळून घेतले असं सांगितलं की बहुतेक जण एकच विचारतात, "बसले का नीट?" बसतात. बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. माउंट किंवा टॅब म्हणजे दोन भोकांची एक पोलादी पट्टी, तीन बोटांत मावेल एवढी. झाळकामाचा टॉर्च चालवता येणारा कुणीही ती नळीला चिकटवून देईल. ब्रेक दाबल्यावर त्या पट्टीत येणारा जोर पुढे कोणत्या नळीतून जातो आणि ती नळी त्यासाठी बनवलेली होती का, हे मात्र टॉर्च पेटवायच्या आधी कागदावर सुटायला हवं. मी माझ्या फ्रेमला हात लावायच्या आधी याच एका प्रश्नाला धरून बसले होते, आणि तेच सगळं इथे मांडते आहे.

माझी फ्रेम लग, म्हणजे नळ्यांच्या सांध्यावरचे पोलादी खोबे, लावून झाळलेली, लांब पल्ल्याच्या सफरीची. सीट ट्यूबवर रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर आहे. मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ही नळी १९३५ मध्ये आली आणि पुढची कित्येक दशकं चांगल्या सायकलींचं ते मानाचं पोलाद होतं. मागे दोन ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे चाकाचा अक्ष बसतो त्या खाचांमध्ये, १३० मिमी अंतर, रिमला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या कँटिलिव्हर ब्रेकचे पोस्ट, आणि ड्रॉपआउट उभे, म्हणजे खाली तोंड असलेले. कँटिलिव्हर वाईट नाहीत, हे आधीच सांगते. चांगले पॅड लावले आणि तारा नीट ओढल्या तर कोरड्या रस्त्यावर माझी काहीही तक्रार नव्हती. पण सामान लादून लांबलचक घाट उतरताना रिम तापते. पावसात पहिले काही फेरे पॅड फक्त पाणी पुसत बसतात. आणि रिमची बाजू दर मोसमात झिजत जाते. रिम ब्रेकमध्ये रिम हाच ब्रेकचा भाग असतो, म्हणजे चिखलातून चालवलेला प्रत्येक किलोमीटर रिमच्या जिवावर उठतो. बोट फिरवलं की मधे खोलगट लागायला लागलं, आणि हाताने विणलेलं चांगलं चाक केवळ रिमसाठी उसवावं लागणार हे दिसलं, तेव्हा मी डिस्कचा विचार मनावर घेतला.

आधी थोडा हिशेब करू, कारण सगळं त्यावरच उभं आहे. सायकल, सामान आणि स्वार मिळून १०० किलो धरू. मागच्या चाकावर जमीन साधारण ३०० न्यूटनने मागे ओढते आहे असं समजू. हा चांगला जोरदार ब्रेक झाला. चाकाची त्रिज्या टायरसकट ३४० मिमीच्या आसपास. रिम ब्रेकचा पॅड अक्षापासून जवळजवळ ३१५ मिमीवर पकडतो, म्हणजे पॅडवर येणारा जोर सव्वातीनशे न्यूटनच्या घरात राहतो. तोही दोन पॅडांत वाटला जातो आणि डाव्या-उजव्या दोन्ही सीटस्टेंत, म्हणजे सीटखालून मागच्या अक्षाकडे उतरणाऱ्या नळ्यांत, समान जातो. आता डिस्क ब्रेकचा १६० मिमीचा रोटर, म्हणजे हबवरची चकती, घ्या. पॅडचा मध्य अक्षापासून जेमतेम ७३ मिमीवर येतो. त्याच ३०० न्यूटनसाठी कॅलिपरवर, म्हणजे चकतीला पॅडने पकडणाऱ्या चिमट्यावर, १४०० न्यूटन, म्हणजे १४० किलोचं ओझं टांगल्याएवढा जोर येतो, आणि तो सगळाच्या सगळा डाव्या बाजूला. उजवी बाजू यात जवळपास मोकळी असते.

थोडक्यात, रिम ब्रेकच्या फ्रेमला डिस्क लावणं म्हणजे चौपटीहून जास्त जोर एका बाजूला, आणि तोही नळी सगळ्यात निमुळती होते त्या टोकाला नेऊन देणं. फ्रेम बांधणाऱ्याने ती नळी खाली निमुळती ठेवली होती ती वजन वाचावं आणि खड्डे थोडे पचावेत म्हणून. तिथे ब्रेक येईल हे त्याच्या मनातही नव्हतं.

याच हिशेबाने पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कबद्दलचं माझं मत ठाम झालं. रिम ब्रेकसाठी बनवलेल्या फोर्कवर डिस्कचा टॅब झाळायचा नाही. ब्रेकचं बहुतांश काम पुढचं चाक करतं. तिथे ६०० न्यूटन धरले तर कॅलिपरवर २८०० न्यूटनच्या आसपास जोर येतो. जुन्या फोर्कचे पाय खाली बोटाएवढे बारीक होत जातात, आणि ते वाकतात म्हणूनच ती सायकल हाताला मऊ लागते. तिथे मागून एक जाड पट्टी झाळली की टॅबच्या उंचीएवढा भाग ताठ होतो, आणि एरवी पायाच्या सगळ्या लांबीत वाटलं जाणारं वाकणं टॅबच्या वरच्या टोकाशी गोळा होतं. पुन्हा पुन्हा त्याच जागी. पोलाद थकतं ते असंच. मागची नळी तुटली तर सायकल वेडीवाकडी होते आणि माणूस बहुधा उभा राहतो. फोर्कचा पाय तुटला तर तोंडावरच पडायचं. "एवढं काही होत नाही, माझ्या मित्राने केलंय" असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही, पण माझ्या हातून तसा टॅब लागणार नाही.

फोर्कबद्दल आणखी एक गोष्ट. कॅलिपर डाव्या पायाच्या मागे असतो. चाक पुढे फिरताना रोटरचा मागचा भाग वर जात असतो, कॅलिपर त्याला धरतो, आणि प्रतिक्रिया म्हणून अक्ष खाली ढकलला जातो, म्हणजे ड्रॉपआउटचं तोंड उघडं असतं नेमकं त्याच दिशेला. क्विक रिलीज, म्हणजे चाक हाताने आवळायची खटकी, ढिली असेल तर चाक निसटू शकतं. २००३ मध्ये जेम्स अ‍ॅनन यांनी हे गणितासकट लोकांसमोर मांडलं आणि त्यावर बराच वाद झाला. आज आरपार जाणारा थ्रू अ‍ॅक्सल सगळीकडे दिसतो तेव्हा त्या वादाची आठवण ठेवावी. तेव्हा डिस्कसाठीच बनवलेला फोर्क घ्या, जमलं तर थ्रू अ‍ॅक्सलचा. क्विक रिलीजचा असेल तर ड्रॉपआउटचं तोंड पुढे वळवलेला किंवा खाली ओठ असलेला बघा.

फोर्क घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. डिस्कचे फोर्क बहुधा जुन्यापेक्षा लांब असतात. अक्षापासून क्राउनपर्यंतची, म्हणजे फोर्कचे दोन पाय वर मिळतात तिथपर्यंतची, लांबी २० मिमीने वाढली की हेड अँगल, म्हणजे पुढच्या हेड ट्यूबचा कोन, साधारण एका अंशाने कलतो, बीबी, म्हणजे पेडलचा अक्ष बसतो तो भाग, थोडं वर येतं, आणि सायकल वळणात आळसावते. शिवाय जुन्या फ्रेमचा स्टिअरर, म्हणजे फोर्कची वर फ्रेममध्ये जाणारी नळी, बहुतेक वेळा १ इंची असतो, तर बाजारात मिळणारे डिस्क फोर्क सव्वा इंचापेक्षा किंचित कमी, म्हणजे १ पूर्णांक एक-अष्टमांश इंचाचे. हे जुळत नसेल तर फोर्क बांधून घ्यावा लागतो. माझ्याबाबतीत तेच झालं. फ्रेम बांधणारे एक गृहस्थ आहेत, मी त्यांना काका म्हणते. त्यांनी जुन्या फोर्कच्या मापाने, पण जाड भिंतीच्या पायांचा नवा फोर्क करून दिला.

इथे एक सल्ला, आणि तो मी कळकळीने देते आहे. आधी फक्त फोर्क बदला. पुढे डिस्क, मागे जुना रिम ब्रेक, अशी सायकल एक मोसम चालवून बघा. पाऊस, घाट, सामान, सगळ्यात. पुढचा ब्रेक सुधारला की दुखणं बरंच कमी होतं, आणि फ्रेमला हातही लागत नाही. अनेकांचं काम इथेच संपेल. मागे डिस्क लागतो तो लांब उतारावर सतत मागचा ब्रेक धरून ठेवणाऱ्यांना, जड सामानवाल्यांना, नाहीतर ज्यांना चाकाचा आकारच बदलायचा आहे त्यांना. मी पहिल्या आणि तिसऱ्या गटात मोडते.

आता मागची बाजू. टॅब दोन ठिकाणी बसू शकतो, सीटस्टेच्या मागे किंवा सीटस्टे आणि चेनस्टेच्या कोनात, चेनस्टेवर. चेनस्टे म्हणजे बीबीपासून मागच्या अक्षाकडे जाणारी आडवी नळी. दोन्हीकडे कॅलिपर ज्या नळीवर बसतो तिच्यावर आडवा दाब देतो. सीटस्टेमागे असेल तर नळी पुढे रेटली जाते, चेनस्टेवर असेल तर खाली. फरक आहे तो नळीच्या ताकदीचा. चेनस्टे बीबीजवळ २२ मिमीचा आणि आखूड. सीटस्टे माझ्याकडे १६ मिमीचा, लांब, भिंत १ मिमीपेक्षाही पातळ. म्हणून जागा असेल तर टॅब चेनस्टेवर. अक्षावरची प्रतिक्रियाही तिथे वरच्या दिशेने येते, म्हणजे उभ्या ड्रॉपआउटमध्ये अक्ष आणखी घट्ट बसतो. कॅरियर आणि मडगार्डच्या काड्यांनाही कॅलिपर आडवा येत नाही. हे सगळं खरं, पण माझ्या फ्रेममध्ये त्या कोनात कॅलिपरचं धूड मावत नव्हतं. बोल्टला पाना लागेना. टॅब सीटस्टेवरच घ्यावा लागला, आणि मग आडवा आधार आलाच.

आधार म्हणजे १० मिमीची एक छोटी नळी, टॅबच्या वरच्या टोकाजवळून निघून खाली चेनस्टेला मिळणारी. सीटस्टे, चेनस्टे आणि ही नळी मिळून ड्रॉपआउटपाशी एक लहान त्रिकोण होतो. सीटस्टेला पुढे रेटणारा जोर ही नळी चेनस्टेच्या गळ्यात टाकते. काकांचं वाक्य मला आवडलं. "टॅब मी फुकट लावीन, पण आधार नको म्हणालीस तर कामच घेणार नाही." आधाराशिवाय सीटस्टेवर झाळलेला टॅब कुठे दिसला की मी आता आधी त्याच्या वरच्या रंगात तडा दिसतो का ते बघते.

नळीला पकडपट्टीने आवळायचे अडॅप्टरही मिळतात. झाळकाम नको, रंग नको, तासाभरात डिस्क तयार. पण पातळ भिंतीच्या गोल नळीवर दोन बोल्टच्या दाबाने धरलेली पट्टी १४०० न्यूटनपुढे एक तर सरकते, नाहीतर नळीला चेपते. नळी चेपली की ती वाकायला जागा शोधतच असते. हा मार्ग मी बाजूलाच ठेवला.

काम सुरू करण्याआधीची सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे पुठ्ठा. डिस्कचं चाक उसनं आणा, फ्रेममध्ये घाला आणि बघा. चाक मिळत नसेल तर १६० मिमी व्यासाचं गोल कापा, मध्ये अक्षाचं भोक पाडा, आणि ड्रॉपआउटच्या आतल्या तोंडापासून साधारण १५ मिमी आत उभं धरा. मागच्या हबवर रोटर बसतो ती जागा हीच. मग विजेरी लावून बघायचं की चेनस्टेला घासतं का, सीटस्टेला किती फट राहते. जुन्या फ्रेमचे डावे चेनस्टे आतून वळलेले असतात आणि अक्षापासून ८० मिमी पुढे रोटरची कड नेमकी तिथे येते. माझ्याकडे चेनस्टेशी नखाएवढी फट राहिली, आणि ती पुरली. पुरली नसती तर १४० चा रोटर, किंवा चेनस्टेला आतून दाबून खळगा. पुठ्ठ्यावरच कॅलिपरचा आकार आखून घ्या, स्पोकला लागतो का तेही कळतं.

मग अंतर. डिस्कचे क्विक रिलीज हब मागे १३५ मिमीचे, जुन्या रोड फ्रेम १३० च्या किंवा त्याहून जुन्या १२६ च्या. स्टीलची ही मेहेरबानी आहे की ते थंडच रुंदावता येतं. १३० चे १३५ करायचे म्हणजे दर बाजूला अडीच मिमी, आणि ते नळी आनंदाने सहन करते. मात्र दोन्ही बाजू सारख्याच उघडायला हव्यात. दोन्ही स्टे एकदम फाकवले तर जी बाजू मऊ ती जास्त येते. म्हणून एकेक बाजू वेगळी वाकवायची, दरवेळी दोरीने तपासत. दोरीची तपासणी अशी. एका ड्रॉपआउटला दोरी बांधायची, पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणायची, ताणायची, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजायचं. सारखं असेल तर मागचा त्रिकोण मध्यावर आहे. स्टे उघडले की ड्रॉपआउट एकमेकांकडे तिरके बघतात, तेही समांतर करून घ्यावे लागतात. अल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमवर यातलं काहीही करू नका.

ड्रॉपआउट उभे असतील तर बरं. आडव्या ड्रॉपआउटमध्ये अक्ष पुढेमागे होतो, आणि टॅब तर जागचा हलत नाही, मग रोटर कॅलिपरमध्ये दरवेळी वेगळ्या ठिकाणी येणार. मागे तोंड असलेल्या ट्रॅक ड्रॉपआउटमध्ये सीटस्टेवरचा कॅलिपर अक्षाला मागे, म्हणजे उघड्या तोंडाकडे रेटतो. अशा फ्रेमचे जुने ड्रॉपआउट तापवून काढायचे आणि टॅबसकट एका तुकड्यात आलेले नवे झाळायचे, हा सरळ मार्ग. पॅरागॉन मशीन वर्क्ससारखे कारखाने असे ड्रॉपआउट आणि सुटे टॅब दोन्ही बनवतात. काम जास्त, पण टॅब आणि अक्षाचं नातं कारखान्यातच ठरून येतं.

माउंटचे प्रकार तीन. आयएस (इंटरनॅशनल स्टँडर्ड) म्हणजे दोन साधी भोकं, ५१ मिमी अंतरावर, बोल्ट अक्षाला समांतर. पोस्ट माउंट म्हणजे ७४ मिमी अंतरावर आटे पाडलेले दोन खांब. फ्लॅट माउंट नवा, नळीच्या अंगाला चिकटून बसणारा, त्याला नळीतून आरपार बोल्ट लागतात आणि नळी त्यासाठीच घडवलेली हवी. जुन्या फ्रेमला मी डोळे मिटून आयएस म्हणेन. टॅबमध्ये आटे नाहीत, त्यामुळे उद्या आटे गेले तर ते टॅब आणि कॅलिपर यांच्यामधल्या अडॅप्टरचे जातील, फ्रेमचे नाहीत. झाळताना पट्टी केसभर आतबाहेर गेली तर पातळ वायसर घालून जुळवता येते, आणि अडॅप्टरवर कॅलिपर आडवा सरकतो तो वेगळाच. पोस्ट माउंटचे खांब वाकडे झाळले गेले तर ते कापून तासण्याशिवाय गत्यंतर नाही.

आता झाळकाम. ५३१ ची नळी टिग वेल्डिंगला मानवत नाही. तिथे नळीचंच पोलाद वितळतं आणि जोडाशेजारची पातळ भिंत कमकुवत होते. ब्रेझिंगमध्ये, म्हणजे झाळताना, नळी वितळत नाही, फक्त भरायची धातू वितळते. चांदीची काडी साडेसहाशे अंशांच्या आसपास वाहते, पण तिला फट अगदी बारीक लागते, कागदाएवढी. पितळेची काडी नऊशेच्या आसपास, आणि ती कोपऱ्यात भरदार गोलाई धरते. टॅब नळीला कडेने टेकतो, तिथे गोलाई हवीच, म्हणून पितळ.

पट्टी नळीच्या गोलाईप्रमाणे कानशीने घासून आणली होती. उजेडाकडे धरलं की फटीतून प्रकाश दिसू नये, इतकी. रंग जोडापासून चांगला वीतभर खरवडला. क्रोमचा मुलामा असेल तर तोही पूर्ण काढावा लागतो, त्यावर पितळ धरत नाही आणि तापलं की त्याचा धूर विषारी. ड्रॉपआउटमध्ये १३५ मिमीचा पोलादी खोटा अक्ष, त्यावर रोटरच्या जागी एक चकती, चकतीला जोडलेला ठोकळा, आणि ठोकळ्याला बोल्टने आवळलेला टॅब. म्हणजे कॅलिपर जिथे बसणार तिथेच टॅब धरून ठेवलेला. खरा कॅलिपर इथे चालत नाही, उष्णतेने त्याची रबरं जातात.

टॉर्च काकांनी माझ्या हातात दिला आणि स्वतः मागे उभे राहिले. टाकणखाराचा फ्लक्स आधी फुगला, पांढरा पडला, मग खाली बसला आणि काचेसारखा पारदर्शक होऊन चमकायला लागला. नवशिक्याचा हात इथे नळीकडे वळतो, कारण नळी लगेच लाल होते आणि काम होतंय असं वाटतं. "अगं, नळी नाही, पट्टी तापव. नळीला नुसता वारा दे." पट्टी ६ मिमीची, नळीची भिंत १ मिमीच्या आत. दोघींना एकाच वेळी एकाच रंगाला आणायचं तर ज्योत चार हिस्से पट्टीवर आणि एखादा हिस्सा नळीवर हवी. दोन्ही गडद नारिंगी झाल्यावर काडी टेकवली. पितळेचा थेंब आधी गोळा होऊन बसला, मग एकदम पसरला आणि ज्योत नेऊ तिकडे जोडाच्या रेषेतून धावत गेला. पितळ उष्णतेच्या मागे जातं. काडीने ढकलायचं नसतं, ज्योतीने बोलवायचं असतं. दोन टोकांना टाके, मग माप, मग पूर्ण जोड. टॅबची टोकं एकदम तोडलेली न ठेवता नळीवर निमुळती उतरवली, म्हणजे ताठ भाग आणि मोकळी नळी यांच्यात पायरी राहत नाही. मग आधाराची नळी. पाणी अजिबात ओतायचं नाही, आपोआप थंड होऊ द्यायचं.

थंड होताना जोड आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. हे होणारच, ते धरूनच चालायचं. खोटा अक्ष काढला तेव्हा डावा ड्रॉपआउट किंचित आत आलेला होता. पुन्हा दोरी, पुन्हा समांतर. फ्लक्सची काच गरम पाण्यात बराच वेळ भिजवून काढावी लागते, राहिली तर रंगाखाली गंज धरतो. मग टॅबची दोन्ही तोंडं अक्षाला काटकोनात आणि एकाच पातळीत तासली. यासाठी हबच्या जागी बसणारं खास कटर असतं आणि ते मिळवावंच. टॅब तिरका राहिला तर कॅलिपर कितीही हलवा, रोटर एका कडेला घासत राहतो. शेवटी नळीत जवसाचं तेल फिरवून निथळून घेतलं, आतून गंज धरू नये म्हणून.

रंग एवीतेवी नव्याने द्यायचाच होता, तेव्हा टॉर्च पेटलेला असतानाच बाकीची हौस भागवून घेतली. डाव्या बाजूने ब्रेकच्या तारेचं अखंड केसिंग (आवरण) जाईल असे गाइड, मडगार्डची भोकं. कँटिलिव्हरचे पोस्ट मात्र कापले नाहीत. काही जणांना ते डोळ्यांत खुपतात. मला ते हवेत, कारण दूर कुठे रोटर वाकला आणि बदली मिळाली नाही तर जुना ब्रेक लावून घरी येता येईल. अर्थात ब्रेकला चालेल अशी रिम असेल तर.

कॅलिपर तारेचा घेतला. रोड लिव्हर कमी तार ओढतात आणि माउंटन बाइकचे जास्त, म्हणून कॅलिपर लिव्हरला जुळणाराच घ्यावा. अ‍ॅव्हिडचा बीबी७ कॅलिपर दोन्ही प्रकारांत येतो, टीआरपी स्पायरचे दोन्ही पॅड हलतात. केसिंग दबणार नाही असं घ्या, त्याने निम्मा फरक पडतो. माउंटचे बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर.

चाकाचा आकार बदलणं, ज्यासाठी मी अर्धी या भानगडीत पडले, त्याचं सुख वेगळंच आहे. रिम ब्रेकला रिम ठरलेल्या उंचीवरच हवी. डिस्कला त्याचं काही नाही. ७०० सीच्या ६२२ मिमी रिमऐवजी ६५०बीची ५८४ ची रिम घातली की त्रिज्या १९ मिमीने कमी होते, आणि ती जागा जाड टायर भरून काढतो. चेनस्टेमध्ये मावेल तेवढा रुंद घातला, आणि खडबडीत रस्त्यावर ती सायकल आता दगड मोजत नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की लगेच लागतो, आणि खाली पोहोचल्यावर रिमला हात लावला तर ती गार असते.

रोज चालवायला लागल्यापासून चेन धुताना मी तीन जागा कापडाने पुसून नीट बघते. टॅबचं वरचं टोक, आधाराची नळी चेनस्टेला मिळते तो कोपरा, आणि सीटस्टेला जोडणाऱ्या आडव्या पुलाची डावी बाजू. तडा आधी रंगात दिसतो, केसासारखी रेघ, आणि तिच्या कडेने गंजाचा तपकिरी डाग. शंका आली तर तिथला रंग खरवडून भिंगाखाली बघायचं. रेघ फक्त रंगाची निघाली तर हात फिरवून पुन्हा रंग. पोलादात गेलेली निघाली तर चाक काढायचं, कॅलिपर उतरवायचा आणि फ्रेम काकांकडे.